राख खाली पडेपर्यंत

त्या टोळीत कुणी कुणाला चांगलं म्हणत नसे.

हा नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो मोडलेलाही कुणाला आठवत नव्हता. एखाद्याने दिवसभर धावून हरीण पाडलं, खांद्यावर घालून मुक्कामाला आणलं, तर समोर येणारा पहिला माणूस म्हणायचा, "हे काय, ससा आणलास? याचे कान कुठे गेले?" शिकाऱ्याने घाम पुसत म्हणायचं, "खरं आहे." मग सगळ्यांनी हसायचं आणि कापायला बसायचं. पोराला पहिला दात आला की आजी म्हणायची, तोंडात खडा गेलाय, थुंकायला सांगा त्याला. नवी सून पाणी घेऊन आली की जाऊ म्हणायची, अर्धं सांडलंस, अर्धं प्यायलीस, आम्हाला ओल चाटायला आणलीस का? सून म्हणायची, खरं आहे. वर चढू पाहणाऱ्याचा पाय ओढून त्याला सगळ्यांच्या रांगेत बसवायची ही रीत होती, आणि रांगेत बसेल त्यालाच मांस मिळायचं.

चांगलं म्हणायचं ते पाहुण्याला. पाहुण्याचा भाला चांगला, पाहुण्याचं कातडं मऊ, पाहुण्याचं बोलणं गोड. पोटभर खाऊ घालायचं, उबेला झोपवायचं, आणि दुसऱ्या दिवशी वाटेला लावायचं.

म्हणून त्या सकाळी जावेने हातातलं पातं पाहून "छान जमलंय हो" म्हटलं तेव्हा कपचीने हातातलं काम थांबवलं.

कपची हे नाव तिला सासरी मिळालं होतं. दगडातून उडालेल्या तुकड्यासारखी ती अंगाने पातळ आणि कडेने धारदार, म्हणून कपची. ती भाल्यांची पाती घडवायची. मुक्कामाच्या कडेला एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तिची जागा होती. मांडीवर जाड कातडं, हातात हरणाच्या शिंगाचा ठोकळा, पायांभोवती गारगोटीच्या कपच्यांचा असा खच की पोरांना तिकडे अनवाणी जायची बंदी होती.

"काय म्हणालीस?" कपचीने विचारलं.

"पातं. छान आहे. झाडाच्या पानासारखं."

"बुडाला फुगलंय," कपची घाईने म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या नाकासारखं."

एरवी जाऊ यावर लोळून हसली असती आणि कपचीच्या नाकापासून गुडघ्यांपर्यंत सगळ्याचा उद्धार करून गेली असती. आज ती म्हणाली, "नाही गं, चांगलं आहे," आणि पाण्याची पिशवी उचलून चालू लागली.

ऊन खडकावर चढेपर्यंत आणखी तिघांनी तिला चांगलं म्हटलं. एकाने तिच्या कातड्याच्या पालाला गाठी घट्ट मारल्यात असं सांगितलं. दुसऱ्या बाईने तिच्या लेकीचे केस नीट विंचरल्याचं कौतुक केलं. टोळीची आग राखणाऱ्या मामाच्या मुलाने, जो तिला रोज न चुकता 'हाडकुळे' म्हणायचा, आज तिला बसायला जागा करून दिली. पाहुण्याला देतात तशी.

काय चाललंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने ते पाहिलं होतं. साठवणीतलं मांस चोरणाऱ्या एका चुलत सासऱ्याचं असंच दिवसभर कौतुक झालं. संध्याकाळी सगळे आगीभोवती जमले, आणि एकाने उठून सगळ्यांदेखत त्याला चांगलं म्हटलं. मग आग राखणाऱ्या मामाने चुलीतली मूठभर राख उचलली आणि बोटांच्या फटींतून हळूहळू सोडायला सुरुवात केली. राख खाली पडेपर्यंत टोळीतल्या कुणाही मोठ्या माणसाने त्याची नालस्ती करायची, आणि त्याने 'खरं आहे' म्हणायचं. तेवढ्याने तो आपला राहतो. नालस्ती अशी हवी की ज्याची केली त्याने ती पत्करली पाहिजे. त्याने नाकारली तर ती धरत नाहीत. चुलत सासऱ्यासाठी कुणी तोंड उघडलं नाही. राख संपली. सकाळी त्याला भरपूर खाऊ घालून बर्फात वाटेला लावलं. वसंतात त्याच्या पायांची कातडी सापडली, तो सापडला नाही.

कपचीला बर्फाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. रीत अशी की जाणारा एकटा जातो. पोर टोळीचं. तिची आठ वर्षांची लेक इथेच राहिली असती, जावेच्या पालात, आणि पोरांच्या नालस्तीला आगीपुढे किंमत नव्हती.

तिने कुणाचं मांस चोरलं नव्हतं. तिचा गुन्हा हा होता की तिची पाती मोडत नसत.

ज्याने घडवलेलं पातं जनावराच्या अंगात सापडेल त्याने वाटणी करायची, असा टोळीचा दुसरा नियम होता. भाला कुणी फेकला याला महत्त्व नव्हतं. शिकारी एकमेकांची पाती घेत, देत, बदलत. म्हणून एखादा म्हातारा किंवा बाईही पालात बसल्या बसल्या वाटणीची मालकीण होऊ शकत असे. वाटणारा सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी घेतो. कपचीनेही कधी जास्त घेतलं नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यानंतर प्रत्येक जनावरात तिचंच पातं निघत होतं, आणि जो वाटतो त्याच्या हाताकडे सगळे पाहतात, मग तो हात रिकामा का असेना.

आधी सगळे थोरल्याच्या हाताकडे पाहायचे. थोरला म्हणजे तिचा मोठा दीर, जावेचा नवरा. तोही पाती घडवायचा. जाड, दणकट पाती, बुडाशी दोन्ही बाजूंना खाच, म्हणजे जनावराच्या शिरेची तात आवळून बांधता येते. खाचेचं पातं म्हणजे थोरल्याचं, हे पोरंही ओळखत. कपची खाच पाडत नसे. ती गारगोटी आधी चुलीखालच्या वाळूत पुरायची, वर आग ठेवायची, आणि आग विझून वाळू थंडगार होईपर्यंत हात लावायची नाही. तसा दगड चरबीसारखा मऊ कापला जाई. त्याची पाती इतकी पातळ निघत की ती नुसत्या राळेने भाल्याच्या फटीत बसत.

ही युक्ती तिने लपवली नव्हती. थोरल्यालाही शिकवली होती. पण थोरल्याला थांबवत नसे. त्याने वाळू गरम असतानाच दगड उकरून काढला, आणि वाऱ्याला लागताच दगड तडकून त्याचे चार तुकडे झाले. मामा म्हणाला, "थोरल्याने दगड शिजवलाय. वाढ आता, खाऊ." सगळे हसले. थोरला 'खरं आहे' म्हणाला, पण हसला नाही. तेव्हापासून तो तिला पाण्यात पाहत होता.

दुपारी शिकारी निघायच्या बेतात होते तेव्हा तो तिच्या खडकापाशी आला. हातात त्याचा भाला होता, खाचेच्या पात्याचा.

"भावजी," ती म्हणाली, "सकाळपासून सगळे माझ्याशी पाहुणीसारखं बोलतायत."

"पाहुण्यांशी माणसाने गोडच बोलावं."

"मी पाहुणी नाही."

"आहेस असं मी म्हटलं का?" त्याने तिच्या पुढ्यातलं एक पातं उचलून उन्हात धरलं. पात्याच्या कडेतून उजेड आरपार आला. "तुझ्या हातांना जागा लहान पडते इथे, कपचे. नदीपलीकडचे लोक तुला डोक्यावर घेतील."

"डोक्यावर घेतलेलं माणूस कधीतरी खाली टाकतातच."

"बघ, बोलतेसही किती चांगलं," तो म्हणाला, आणि पातं जागेवर ठेवून गेला.

त्या माणसाकडे मागायचं काही उरलं नव्हतं. ती उठून सासूच्या पालात गेली.

सासू कातडं चावत बसली होती. टोळीतली सगळी जाड कातडी तिच्या तोंडातून मऊ होऊन निघत. त्यापायी दात झिजून हिरड्यांना टेकले होते. तोंडात कातड्याची पट्टी असली की ती बोलत नसे, आणि नसली की थांबत नसे. कपचीच्या चालण्याला, बसण्याला, लेकीला, झोपेतल्या श्वासालासुद्धा तिने नावं ठेवली होती. फक्त एका गोष्टीबद्दल तिने दोन हिवाळ्यांत चकार शब्द काढला नव्हता.

ती गोष्ट म्हणजे कपचीच्या नवऱ्याचं मरण. म्हातारीचा तो धाकटा मुलगा. डावं शिंग खाली वळलेला एक रानबैल दोघा भावांनी ओढ्यात गाठला होता. धाकट्याने भाला खुपसला, काठी मोडली, पातं आत राहिलं आणि बैल वळला. थोरल्याने भावाला खांद्यावर आणलं, आगीपाशी ठेवलं, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "पातं नीट आत गेलंच नाही. पातळ होतं." पातळ म्हणजे कुणाचं, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. कपचीलाही नक्की माहीत नव्हतं. नवऱ्याकडे तिचीही पाती होती आणि भावाचीही. पातं बैलाच्या अंगात, बैल रानात. खरं काय ते बैलाबरोबर निघून गेलं होतं.

"आत्या," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "हे कातडं मी खरवडलं. भोकं पाडून ठेवलीत बघा."

भोकं नव्हती. म्हातारीने कातडं उलटसुलट पाहिलं.

"हाताला वळण नाही माझ्या," कपची म्हणाली. "तुम्ही नेहमी म्हणता."

म्हातारी चावत राहिली. तिने पट्टी तोंडातून काढली नाही. थोड्या वेळाने कातडं बाजूला ठेवून तिने पाठ वळवली.

ऊन कलताना ओढ्याकडून हाक आली. शिकाऱ्यांनी बैल पाडला होता आणि तो मुक्कामापर्यंत ओढत आणण्याजोगा नव्हता. बायका पाती आणि पिशव्या घेऊन धावल्या. बैल म्हातारा होता, बरगड्या मोजता येतील असा, चिखलात कुशीवर पडलेला. पोटात मामाच्या मुलाने फेकलेला भाला होता. त्याचं पातं पातळ, बिनखाचेचं. पुन्हा कपचीचंच.

"केवढासा हा," कुणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं. "बकरं परवडलं असतं."

"खरं आहे," मामाचा मुलगा म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "याचं डावं शिंग बघा."

शिंग खाली वळलेलं होतं. मग कुणी थट्टा केली नाही. सगळ्यांनी आधी बैलाकडे पाहिलं आणि मग कपचीकडे.

थोरला पुढे झाला. "पुढचा फरा मी सोडवतो."

"पातं माझं आहे, भावजी," कपची म्हणाली. "पहिला काप माझा."

"तू चांगलीच कापतेस. पण थकली असशील. बाजूला हो."

त्याला फऱ्याची एवढी घाई का, असं तिच्या मनात आलं. खांद्याच्या त्या जाड मांसासाठी कुणी भांडत नसे. "रीत आहे," ती म्हणाली, आणि चिखलात गुडघे टेकून तिने पातं चालवलं. थोरल्याला बैलाचा पाय धरून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

फऱ्याच्या हाडाजवळ पात्याला काहीतरी कडक लागलं. तिने बोटाने चाचपलं. मांसाने गुंडाळलेली एक जुनी गाठ होती. तिने ती हळूच चिरली, आणि बोटांत एक दगड आला. अंगठ्याएवढा, टोक मोडलेला. रक्तामुळे दिसत काही नव्हतं. तिने अंगठा बुडाशी फिरवला.

एक खाच. दुसऱ्या बाजूला आणखी एक.

तिने मूठ मिटली. समोर थोरला पाय धरून तिच्या हातांकडे पाहत होता. हात कोपरापर्यंत लाल होते. त्याला काय दिसलं, काय नाही, ते तिला कळलं नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

मुक्कामाकडे परतताना तिच्या डोक्यावर मांसाचं ओझं होतं, पण सकाळपासून प्रथमच तिला नीट श्वास घेता येत होता. आता काय व्हायचं ते होऊ दे. थोरला उठला की ती मूठ उघडेल. दोन हिवाळे ज्याने तिच्यावर आळ ठेवला त्याचंच पातं बैलात निघालं, हे सगळ्यांना दिसेल. मग कुणीतरी तिच्या बाजूने बोलेल. निदान म्हातारी बोलेल.

सूर्य मावळायच्या आत सगळे आगीभोवती बसले. मांस एका कातडीवर रचलं होतं, आणि वाटणीच्या आधीच थोरला उठला. त्याने आवाज चढवला नाही.

"आज या बाईच्या पात्याने आपल्याला मांस दिलं," तो म्हणाला. "माझ्या भावाला मारणारा बैल पाडला. इतकं चांगलं काम मी पाहिलेलं नाही. हिचे हात चांगले, हिचं मन चांगलं. हिच्यासारखी बाई ज्या टोळीत जाईल त्या टोळीचं भाग्य."

तो खाली बसला. मामाने एका डोळ्याने सगळ्यांकडे पाहिलं. त्याचा दुसरा डोळा लहानपणीच गेला होता. मग त्याने चुलीच्या कडेची राख मुठीत घेतली, हात वर धरला आणि बोटं सैल केली. राखेची बारीक धार पडायला लागली.

कपचीने जावेकडे पाहिलं. जाऊ पायाच्या नखातला चिखल काढत होती. मामाचा मुलगा भाल्याची काठी न्याहाळत होता. लेक गर्दीत उभी होती. "माझी आई अजिबात चांगली नाही," ती एकदम म्हणाली. "ती मला मारते." कुणी हसलं नाही. एका बाईने तिला मागे ओढून तोंडावर हात ठेवला.

राखेची धार जाड होती. मामाच्या म्हाताऱ्या बोटांत फार राख राहत नसे.

कपचीने मूठ पुढे केली. बोटं उघडणार एवढ्यात म्हातारीने तोंडात हात घातला.

ती पट्टी ओढून काढायला वेळ लागला. एक टोक हिरडीत अडकलं होतं. ती खाकरली, थुंकली, ओठ पुसले.

"चांगली कसली," म्हातारी म्हणाली. "माझा पोरगा मारला हिने."

मामाच्या मुलाने काठी खाली ठेवली.

"हिच्या पातळ पात्याने मारला. आगीत पुरून पुरून दगडाचा जीव काढते आणि मग तो माणसांच्या हातात देते. ते पातं बैलाच्या अंगावर मोडलं आणि बैल वळला. दोन हिवाळे मी हे तोंडात धरून बसलेय. हिच्या हातात कसब नाही. खोट आहे."

"आई," थोरला म्हणाला, "ते आता कशाला काढतेस?"

"तू गप. सकाळपासून तुझ्या तोंडून सारखं चांगलं गळतंय. पोट बिघडलंय का तुझं?"

एकदोघे हसले. मामाच्या मुठीत अजून राख होती. सगळ्यांची तोंडं कपचीकडे वळली. आता तिने दोन शब्द म्हणायचे होते.

तिने म्हातारीच्या डोळ्यांत पाहिलं. ही आपल्याला वाचवतेय का, हे तिला पाहायचं होतं. तिथे तसं काही नव्हतं. म्हातारी जे बोलली ते तिला खरं वाटत होतं. ते तिने जपून ठेवलं होतं आणि जिथे सर्वांत जास्त लागेल अशा जागी आणून मारलं होतं. त्यामुळे ही बाई टोळीत राहील की जाईल याच्याशी तिला कर्तव्य होतं की नव्हतं, ते तिच्या झिजलेल्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता.

खाचेचा दगड कपचीच्या तळव्यात रुतत होता. मूठ उघडली तर म्हातारी खोटी ठरत होती. खोटी ठरलेली नालस्ती धरत नाहीत. राख संपत आलेली, आणि दुसरं कुणी बोलणार नव्हतं. थोरला लाजला असता, पण लाजलेला माणूस टोळीतच राहतो. सकाळी वाटेला ती लागली असती, निर्दोष.

मागे कुणाच्या तरी हाताखालून लेकीचा दबलेला आवाज येत होता.

कपचीने मूठ आणखी घट्ट केली.

"खरं आहे," ती म्हणाली.

मामाने हात खाली घेतला. मुठीत उरलेली चिमूटभर राख त्याने चुलीत परत टाकली आणि हात मांड्यांना पुसले. "मग बसलात काय," तो म्हणाला. "या हाडकुळीला वाटायला सांगा. भूक लागलीय."

बाईने लेकीच्या तोंडावरचा हात काढला. जावेने नखं कोरायचं थांबवलं. माणसं पुढे सरकली.

कपचीने वाटायला घेतलं. काळीज म्हाताऱ्यांना, कारण ते चावावं लागत नाही. नळ्या पोरांना. पाठीचं मांस गरोदर बाईला. प्रत्येक तुकडा देताना ती त्याला नावं ठेवत होती, घेणाराही ठेवत होता, आणि हळूहळू आगीभोवती नेहमीसारखा गलका झाला. तिने डाव्या हाताची मूठ उघडलेली कुणी पाहिली नाही.

फरा तिने थोरल्यासाठी ठेवला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पुढ्यात धरला, चिरलेली बाजू वर.

"हा तुमचा वाटा, भावजी. आत बघून घ्या. इतकं वाईट काम या टोळीत दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसेल."

लोक हसले. ती आपल्या कापण्याबद्दल बोलतेय असं त्यांना वाटलं. थोरल्याने फरा घेतला. चिरेत बोट घातलं. बोट तिथेच थांबलं.

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला त्याचं पातं ओळखायला डोळे लागणार नव्हते.

आता बोलायची पाळी त्याची होती, आणि सगळे वाट पाहत होते. रीत होती.

"खरं आहे," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मामा म्हणाला. म्हाताऱ्याला एका डोळ्याने दिसायचं कमी आणि दोन्ही कानांनी ऐकू यायचं त्याहून कमी. "काय म्हणाला हा?"

"खरं आहे," थोरला मोठ्याने म्हणाला.

"असं बोलावं माणसाने," मामा म्हणाला आणि काळजाकडे वळला.

थोरल्याने फऱ्यातून बोट काढलं तेव्हा त्याचीही मूठ मिटलेली होती. ते पातं तो नदीत टाकेल, हे कपचीला माहीत होतं. ते परत मागायला ती जाणार नव्हती, आणि ते नसताना म्हातारीला काही सांगायचं तर तिच्याकडे नुसते शब्द होते. त्यांच्याविरुद्ध तिचेच दोन शब्द सगळ्या टोळीने ऐकले होते.

तिने शेवटचा, सर्वांत लहान तुकडा स्वतःला घेतला. काळजाचा एक मऊ भाग पानावर ठेवून सासूच्या पालात नेला. म्हातारीने पान घेतलं. कपचीच्या रक्ताळलेल्या तळव्याकडे पाहिलं. तिथे दोन खोल खुणा होत्या, अगदी खाचांच्या अंतरावर. म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. कपचीला वाटलं ती विचारेल. पण तिने काळीज तोंडात घातलं आणि पाठ वळवली.

सकाळी कपची खडकापाशी बसली होती. जाऊ पाणी घेऊन जाताना थांबली.

"काल मांस कापलंस की चावून वाटलंस गं?" ती म्हणाली. "माझ्या तुकड्याला दातांचे ठसे होते."

"खरं आहे," कपची म्हणाली.

"आणि हे काय, पातं? हे तर पोराने चघळून टाकलेलं हाड दिसतंय."

"खरं आहे."

जाऊ खूश होऊन गेली. कपचीने मांडीवर कातडं ओढलं, नवा दगड घेतला आणि शिंगाचा ठोकळा उचलला. तळहात दुखत होता, म्हणून पहिला घाव तिरका बसला. मागच्या पालात म्हातारी कातडं चावत होती. त्या संध्याकाळनंतर तिने कपचीच्या चालण्याला, बसण्याला, कशालाच नावं ठेवली नाहीत. तिच्यापाशी म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. उरला तो फक्त तिच्या चावण्याचा आवाज, आणि तो कपचीला दिवसभर, दगडावर शिंग आपटत असतानाही ऐकू येत राहिला.